आपली वकील

कचेरीत वकील पाळायचा तो घरात कुत्रं पाळावं तसा, असं थोरल्या साहेबांचं जुनं मत. चोर आला तर भुंकावं, एरवी दाराशी पडून राहावं. पण कुत्र्याला एकदा उंबऱ्याच्या आत घेतलं की ते हळूहळू स्वयंपाकघरापर्यंत येतं, आणि कुठलं पातेलं उघडं राहिलंय हे मालकाआधी त्याला कळतं. या वकीलबाईचं तसंच झालं.

फर्म इंजिनिअर लोकांची. जुन्या इमारती तपासायच्या, कुठं तडा गेलाय, कुठं गंज धरलाय ते बघायचं आणि इमारत वापरायला हरकत नाही असा दाखला द्यायचा. वडिलांनी धंदा उभा केला, दोघं भाऊ चालवतात. थोरले साहेब बोलतात फार, धाकटे साहेब बोलतच नाहीत. दोघांचा मिळून एक शहाणा माणूस होतो, तोही रोज नाही.

ती आठ वर्षांपूर्वी आली तेव्हा तिला जिन्याखालची खोली दिली होती. एका कोपऱ्यात कोऱ्या कागदाचे गठ्ठे, दुसऱ्या कोपऱ्यात फरशी पुसायची बादली. काम काय, तर करारावर सही करण्याआधी तो एकदा वाचायचा. मग एका वर्षी विमा कंपनीचा कागद आला. तुमच्याविरुद्ध तक्रार आली तर ती कोण बघतं, असा प्रश्न होता. कुणाचं तरी नाव घालायचं म्हणून तिचं घातलं. एवढं एक नाव लिहिलं आणि पाण्याला उतार मिळाला. नवीन काम घ्यायचं की नाही ते तिला विचारून. एखादी इमारत विकणाऱ्यासाठी आपणच तपासली असेल तर घेणाऱ्यासाठी तीच तपासता येणार नाही, हे ती सांगणार. बाहेर जाणारं प्रत्येक पत्र तिच्या हाताखालून. लोक तिला मागं ‘चाळणी’ म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

‘पूर्ण सुरक्षित’ हे शब्द तिने फर्ममधून हद्दपार केले. कुठलीच इमारत पूर्ण सुरक्षित नसते. त्याऐवजी लिहायचं, ‘तपासणीच्या दिवशी, तपासलेल्या भागात’. कचेरीतल्या पोरांना थट्टेला तेवढंच हवं होतं. एकाने विचारावं, “चहा गरम आहे का रे?” दुसऱ्याने गंभीर तोंड करून सांगावं, “तपासणीच्या दिवशी, तपासलेल्या कपात, होता.”

आता तिची खोली वरच्या मजल्यावर होती, थोरल्या साहेबांच्या शेजारी, खिडकीची. आणि येत्या सोमवारी तिला भागीदार करून घ्यायचा कागद सह्यांना येणार होता. इंजिनिअर नसलेला पहिला भागीदार. थोरल्या साहेबांनीच ते मनावर घेतलं होतं.

त्याआधीच्या मंगळवारी पत्र आलं.

गावातल्या मोठ्या वाचनालयाचं पत्र होतं. वाचायच्या दालनाला वरून चारी बाजूंनी लोखंडी गॅलरी आहे, पुस्तकांची कपाटं तिच्यावर. सोमवारी दुपारी गॅलरीचा एक बोल्ट मुळातून निघाला आणि विटेच्या तुकड्यासकट खाली एका टेबलावर पडला. खुर्चीतली बाई नुकतीच पाणी प्यायला उठली होती, म्हणून वाचली. आणि चार महिन्यांपूर्वीच्या तुमच्या दाखल्यात बेचाळीसही बोल्ट एकेक करून तपासल्याचं लिहिलंय, त्याचं काय?

तिने पहिला फोन वाचनालयाला केला आणि आत्ताच्या आत्ता दालन बंद करायला सांगितलं. तिकडचा माणूस का-कू करायला लागला तेव्हा म्हणाली, “अहो, पत्र नंतर पाठवते, कुलूप आधी लावा.” कुलूप लागल्याचं कळल्यावर तिने ठोकेकाकांना वर बोलावलं.

ठोकेकाका एकतीस वर्षं फर्ममध्ये होते. खरं नाव हजेरीच्या वहीत असेल, तोंडात कुणाच्या नव्हतं. काम म्हणजे छोटी हातोडी घेऊन प्रत्येक बोल्टवर ठोका मारायचा, आवाज ऐकायचा आणि खडूने खूण करायची. घट्ट बोल्ट घंटेसारखा बोलतो, सैल बोल्ट घसा बसल्यासारखा. हा कान शिकवून येत नाही. नव्या पोरांकडं यंत्रं होती, पण यंत्राचं आणि काकांचं पटलं नाही तर सगळे काकांचं धरायचे.

ते जिना चढून आले आणि दारातच थांबले. एक गुडघा दुसऱ्याआधी म्हातारा झाला होता.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. तिच्या खणात एक कार्ड होतं, तिनेच लिहिलेलं. फर्ममधल्या कुणाचीही चौकशी करायची तर आधी ते वाचून दाखवायचं, हा नियमही तिचाच. त्यावर लिहिलं होतं: मी फर्मची वकील आहे, तुमची नाही. तुम्ही मला जे सांगाल ते फर्मचं होईल. फर्मला वाटलं तर ती ते बाहेर सांगेल, तुम्ही नको म्हटलंत तरी. हवं तर आधी स्वतःचा वकील करा. आजवर सात जणांना तिने ते वाचून दाखवलं होतं. त्यातले एक खुद्द धाकटे साहेब. महिनाभर ते तिच्याशी बोलले नव्हते. म्हणजे न बोलण्यात जेवढी भर घालता येते तेवढी त्यांनी घातली होती.

पण काकांपुढं कार्ड तिच्या हाताला लागेना. पहिल्या दिवशी जिन्याखालच्या खोलीतली ती बादली काकांनी स्वतः उचलून नेली होती. “वकील काय फरशी पुसणार का?” असं म्हणून हसले होते. अशा माणसाला धापा टाकत बसल्यावर तोंडावर सांगायचं, मी तुमची नाही? तिची जीभ वळेना. म्हणून तिने कार्डाऐवजी आपल्या मनाने, मऊ करून सांगितलं.

“काका, बसा. पाणी घ्या. घाबरू नका, मी आपली वकील आहे. काय झालं ते सरळ सांगा.”

काकांनी पाणी प्यायलं आणि सरळ सांगितलं.

“पुढचे अठरा मी ठोकले, वकीलबाई. एकेक ठोकला. मागचे चोवीस भिंतीच्या आतल्या बोळात आहेत, तिथं गुडघ्यावर रांगत जावं लागतं. मी तीन वेळा खाली बसलो, तीन वेळा उठलो. झालं नाही. मग मागल्या वर्षीचा कागद होता, त्यावर सगळे ठीक होते. तेच लिहिलं.”

“तेच लिहिलं?”

“तेच. खोटं कशाला बोलू. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.” मग म्हणाले, “मी धाकट्या साहेबांना आधी लिहून दिलं होतं हो. म्हटलं, मला आता रांगता येत नाही, एखादा तरणा माणूस बरोबर द्या. त्यांनी खाली लिहिलं, ‘बघू’. दर आठवड्याला अकरा इमारती आणि बघू.”

तिने सगळं लिहून घेतलं. काका उठताना म्हणाले, “बरं झालं तुम्ही आहात. छातीवरचा धोंडा उतरला.” तिलाही बरं वाटलं. माणसाला स्वतःच्या चांगुलपणाची ऊब फार लवकर लागते.

बुधवारी सकाळी तिघं बसले. तिने काकांचा जबाब वाचून दाखवला. थोरल्या साहेबांनी टेबलावर तळहात ठेवला, खटल्याचा निकाल दिल्यासारखा.

“मग झालं की! माणूस स्वतः कबूल आहे. वाचनालयाला पत्र, विमा कंपनीला पत्र. एका कर्मचाऱ्याने कामात कसूर केली, फर्मला पत्ता नव्हता, त्याला काढून टाकलं. संपलं.”

“आणि ते ‘बघू’?” तिने विचारलं. सकाळीच तिने फाईल काढून बघितलं होतं. काकांचं अक्षर, खाली धाकट्या साहेबांचं.

“ते वेगळं,” थोरले म्हणाले. “मागणी रोजच येते. उद्या कुणी म्हणेल मला हत्ती द्या.”

धाकटे साहेब खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

“हा विमा कंपनीचा फॉर्म,” थोरल्यांनी कागद पुढं सरकवला. “यात रकाना आहे, जबाब देणाऱ्याला आधी सूचना दिली होती का. कार्ड वाचलंत ना तुम्ही?”

एवढासा प्रश्न. ती मनात म्हणाली, मी ‘आपली वकील’ म्हणाले. आपली म्हणजे काय? आपल्या सगळ्यांची. म्हणजे फर्मचीच. म्हणजे सांगितलंच की. सोमवारही मनात कुठंतरी बसला होता, नाही असं नाही. तिने रकान्यात ‘हो’ लिहिलं. फॉर्म शुक्रवारी जायचा होता.

संध्याकाळी ती आईकडं गेली. आई चौथीपर्यंत शिकलेली. नवरा लवकर गेल्यावर तिने शिवणयंत्रावर पोरीला वकील केलं होतं, आणि ही गोष्ट ती दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगत असे. डोळे गेल्यामुळं आता नुसती बटणं लावत होती, तीही चाचपून.

“तोंड का पडलंय? मालकांनी हाकललं का?”

“नाही गं. उलट सोमवारी भागीदार करतायत.”

“मग सुतकी चेहरा कशाला? हाकलल्यावर करायचा तो आत्ताच खर्चू नकोस.”

तिने नावं न घेता थोडं सांगितलं. एका म्हाताऱ्या माणसाने विश्वासाने सगळं ओतलं आणि ते आता त्याच्यावरच उलटणार आहे. मी त्याला सांगितलं होतं गं, पण जरा गोड करून सांगितलं.

आईची सुई थांबली. “काय सांगितलंस? शब्द सांग. गोड-कडू मला नको.”

“मी आपली वकील आहे, असं.”

“आपली?” आई म्हणाली. “अगं, मी दुकानात बसायचे तेव्हा बायका यायच्या. ‘कापड आपलं का हो?’ विचारायच्या. आता आपलं म्हणजे माझं की तिचं? पहिल्या वर्षी दोनदा भांडणं झाली. कापड तिने आणायचं होतं, तिला वाटलं मी घालणार. तेव्हापासून बाई दारात आली की आधी सांगायची, कापड तुमचं, दोरा माझा. तोंडावर. कुणाला राग आला तर येवो. एवढं बोलायला लाज वाटली नाही मला, आणि तू एवढी शिकून...”

“लाज नव्हती गं. मोठा माणूस होता समोर.”

“मोठ्या माणसालाच तर आपण ‘आपण’ म्हणतो. ‘आपलं नाव काय, आपलं घर कुठं’. त्याने काय ऐकलं असेल?” आईने दात लावून दोरा तोडला. “तू त्याला मान दिलास की फसवलंस, ते त्यालाच जाऊन विचार. मला विचारू नकोस, मी अडाणी.”

अडाणी हा शब्द आई हत्यारासारखा वापरायची. घाव बरोबर बसला.

गुरुवारी ती दार उघडत होती तोच काका जिना चढून आले. इस्त्रीचा सदरा, हातात कोरा कागद, खिशात पेन.

“वकीलबाई, आपलं काय ठरलं?” त्यांनी विचारलं. “आपण काय म्हणायचं त्यांना? तुम्ही म्हणाल तिथं मी सही करतो. घरी बायकोलाही सांगितलं, म्हटलं काळजी करू नकोस, वकील आपल्या बाजूला आहे.”

मग खण उघडून तिने कार्ड काढलं आणि दोन दिवस उशिरा वाचून दाखवलं. सगळं. एकही शब्द मऊ न करता.

काका ऐकत राहिले.

“पण तुम्ही म्हणालात, आपली वकील.”

“हो.”

“मला वाटलं, आपली म्हणजे... आम्हाला माणसं ‘तू’ म्हणतात, फार तर ‘तुम्ही’. आपली म्हणाल्यावर मला वाटलं, बघा, केवढा मान दिला.”

“चूक माझी आहे, काका.”

“मी सांगितलं ते परत घेता येतं का?”

“नाही.”

“मग आता मी काय करू?”

आणि इथंच तिचं तोंड खरं बांधलेलं होतं. काय करावं ते तिला नीट माहीत होतं. ‘बघू’चा कागद कुठल्या फाईलमध्ये आहे, त्याची नक्कल मागायचा त्यांना हक्क आहे का, काढून टाकण्याआधी फर्मला काय करावं लागतं, सगळं जिभेच्या टोकावर होतं. पण ते सांगणं म्हणजे दुसऱ्यांदा तेच करणं; एका ताटातून दोघांना जेवायला वाढणं.

“ते मला सांगता येणार नाही,” ती म्हणाली. “एवढंच सांगू शकते. स्वतःचा वकील करा. आज करा. त्याच्याआधी कशावरही सही करू नका, मी म्हटलं तरी नाही.”

काकांनी कागदाची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली, आणि तो खिशात जाईल एवढा लहान झाल्यावर उठले.

ती तशीच शेजारच्या खोलीत गेली. दोघं भाऊ बसले होते.

“तो फॉर्म परत द्या. काल मी त्यात खोटं लिहिलंय. मी कार्ड वाचलं नव्हतं.”

“वाचलं नव्हतं म्हणजे? काहीतरी सांगितलं असेलच ना?”

“‘आपली वकील’ म्हणाले.”

थोरले साहेब हसले. त्यांना खरंच सुटल्यासारखं वाटलं. “अहो मग! आपली म्हणजे फर्मचीच. भाषा मलाही कळते.”

“मलाही तशीच कळली होती, काल, मला हवी होती म्हणून. त्यांना दुसरी कळली, आणि त्यांची चूक नाही.” ती बसली नाही. “माझी टिपणं मी पाकिटात बंद करून ठेवते. कुणी वाचायची नाहीत, मीही नाही. चौकशी बाहेरच्या वकिलाकडं द्या. विमा कंपनीला मी लिहिते, जबाब सूचना न देता घेतला, दोष माझा. आणि काकांचं काय करायचं ते चौकशी होईपर्यंत ठरवायचं नाही.”

“वकीलबाई,” थोरल्यांचा आवाज खाली आला, “तुम्ही नक्की कोणाच्या?”

“फर्मच्या. म्हणूनच सांगतेय. अशा जबाबावर उभं केलेलं पत्र उद्या कुणी ठोकून बघितलं तर काय आवाज येईल? आणि एक सांगते, फर्म म्हणजे तुम्ही दोघं नव्हे, साहेब. ते कार्ड मी तुमच्यासाठीही लिहिलंय.”

“सोमवारचा कागद...”

“माहीत आहे.”

खिडकीकडून आवाज आला. धाकटे साहेब बोलले होते. “तो ‘बघू’ माझाच आहे,” ते म्हणाले. “मी काही बघितलं नाही.” एवढंच. पण भावाने त्यांच्याकडं असं पाहिलं की जणू भिंतच बोलली.

पुढच्या आठवड्यात बाहेरचा वकील आला. पोरगेलासा होता, पण कार्ड त्याने खणखणीत वाचलं. काकांच्या शेजारी काकांची वकील बसली होती; मेहुण्याने शोधून दिलेली, जाड चष्म्याची, प्रत्येक प्रश्नाला हात आडवा घालणारी बाई. तिने काकांना गप्प बसायचा सल्ला दिला असणार, कुणीही देईल. तरी काकांनी पुन्हा सगळं सांगितलं. अठरा ठोकले, चोवीस नाही, आणि ‘बघू’चा कागद. फरक एवढाच की या वेळी आपण कुणाला सांगतोय हे त्यांना ठाऊक होतं.

त्या खोलीत फर्मच्या वकीलबाईला प्रवेश नव्हता. ती आपल्या टेबलाशी करार वाचत बसली होती, आठ वर्षांपूर्वीसारखी. सोमवार येऊन गेला होता. कागद आला नव्हता, कुणी त्याचं नावही काढलं नव्हतं.

अहवालात दोन कारणं लिहिली गेली, एका ओळीखाली एक: तपासणाऱ्याने न तपासलेलं तपासलं म्हणून लिहिलं, आणि त्याने मागूनही फर्मने माणूस दिला नाही. काकांना काढून टाकलं नाही. पण दाखल्यावर सही करायचा त्यांचा अधिकार गेला, आणि ठोक्याचा माणूस सहीशिवाय कशाला बसेल? त्यांनी महिनाअखेरीला निवृत्ती घेतली. निरोपाचा चहा झाला. पोरांपैकी कुणी विनोद केला नाही.

जाताना काका वरच्या मजल्यावर आले. दारात थांबले, आत आले नाहीत. ती उठून उभी राहिली. खूप काही बोलायचं होतं, पण प्रकरण विमा कंपनीकडं अजून उघडं होतं, त्याबद्दल तिला एक अक्षर काढता येत नव्हतं.

“जिन्याचा वरचा कठडा,” काका म्हणाले, “हात ठेवला की बोलतोय. बघून घ्या.”

“सैल झालाय का, काका?”

“ते मी कसं सांगू? मी नुसता धरून चढलो. ठोकून बघितलेला नाही.” त्यांनी जिन्याकडं एक पाऊल टाकलं, दुखरा गुडघा सांभाळत. “कुणाला तरी नीट बघायला सांगा, मॅडम.”

आठ वर्षांत ते तिला पहिल्यांदाच मॅडम म्हणाले होते.